मेल, जाळे आणि साखळी : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

शब्दांच्या व्युत्पत्तीचा अभ्यास हा बहुधा निरुपद्रवी छंद मानला जातो. एखादा शब्द कोठून आला, वाटेत त्याने कोणती रूपे घेतली, हे सांगून झाले की ऐकणारे कौतुकाने मान डोलावतात आणि विषय तेथेच संपतो. परंतु काही शब्दांचा प्रवास इतका निरुपद्रवी नसतो. ते वस्तूला केवळ नाव देऊन थांबत नाहीत. ती वस्तू कशी होती याविषयीची आपली समजूतही घडवतात, आणि प्रसंगी कधीच अस्तित्वात नसलेल्या वस्तूंना इतिहासात जागा मिळवून देतात. इंग्रजीतील 'चेन मेल' हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे.

मध्ययुगीन युरोपातील योद्ध्यांच्या अंगावर लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून केलेले जे चिलखत असे, त्याला आज सर्रास 'चेन मेल' म्हणतात. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या टीपांत, शब्दकोशांत, चित्रपटांच्या परीक्षणांत हाच शब्द आढळतो. मात्र ज्या शतकांत हे चिलखत रणांगणावर वावरत होते, त्या शतकांतील लिखाणात ते नुसते 'मेल' आहे. 'चेन' हे विशेषण त्याला अठराव्या शतकाच्या अखेरीस चिकटले. म्हणजे ती वस्तू युरोपातील युद्धांतून जवळजवळ हद्दपार झाल्यावर. हे विशेषण का लागले आणि लागल्यामुळे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

आधी 'मेल' या शब्दाचीच ओळख करून घेऊ. आज हा शब्द ऐकला की आपल्याला टपाल आठवते. पण टपालाचा 'मेल' वेगळा आणि चिलखताचा 'मेल' वेगळा. टपालाचा 'मेल' जुन्या फ्रेंचमधील पिशवी किंवा थैली या अर्थाच्या शब्दावरून आला. पत्रांच्या थैलीचे नाव पुढे पत्रांनाच मिळाले. 'ब्लॅकमेल'मधला 'मेल' हा आणखी तिसराच. त्याचे मूळ बोलणे, करार या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दात आहे. स्कॉटलंडमध्ये त्याला खंड किंवा खंडणी असा अर्थ आला, आणि सरहद्दीवरचे लुटारू शेतकऱ्यांकडून जी खंडणी उकळत ती 'काळी' खंडणी ठरली. तीन कुळांतले तीन शब्द इंग्रजीत एकाच उच्चाराला येऊन मिळाले आहेत.

चिलखताच्या 'मेल'चे कूळ लॅटिन आहे. लॅटिनमध्ये 'माकुला' म्हणजे डाग किंवा ठिपका. याच शब्दाचा दुसरा अर्थ होता जाळ्याचे भोक, जाळ्यातील एक घर. जाळे पसरून पाहिले असता त्याची भोके ठिपक्यांसारखी दिसतात, या साध्या निरीक्षणातून डागाचा अर्थ भोकापर्यंत सरकला असावा. 'माकुला'पासून फ्रेंचमध्ये 'माय' हा शब्द झाला. जाळ्याचे घर, विणकामातील टाका आणि चिलखतातील कडी हे तिन्ही अर्थ त्यात सामावले. हाच शब्द साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत 'मेल' म्हणून स्थिरावला.

या घराण्यातील इतर नातलग पाहिले की मूळ प्रतिमा अधिक स्पष्ट होते. 'इमॅक्युलेट' म्हणजे निष्कलंक, ज्यावर 'माकुला' नाही असे. डोळ्याच्या पडद्यावरील 'मॅक्युला' हा पिवळसर ठिपकाही तोच. मासेमारीच्या तिपदरी जाळ्याला इंग्रजीत 'ट्रॅमल' म्हणतात. त्यात 'तीन' आणि 'माकुला' हे दोन शब्द दडलेले आहेत. इटालियनमधील 'माल्या' म्हणजे विणलेला सदरा. इटलीच्या सायकल शर्यतीत आघाडीवरचा स्पर्धक १९३१ पासून जो गुलाबी सदरा घालतो, त्याच्या नावात हाच शब्द आहे. फ्रान्सच्या शर्यतीत १९१९ पासून दिला जाणारा पिवळा 'मायो' हाही त्याच घराण्यातला. म्हणजे सायकलपटूचा तलम सदरा आणि सरदाराचे लोखंडी चिलखत हे भाषेच्या दृष्टीने चुलतभाऊ आहेत. दोघांतील समान गोष्ट एकच : विणलेली जाळी.

वस्तू पाहिली तर ही प्रतिमा किती अचूक होती हे लक्षात येते. या चिलखतात प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतवलेली असते. लोखंडी तारेची कडी वळवायची, तिची टोके चपटी करून एकमेकांवर आणायची, त्यांना भोक पाडायचे आणि त्यातून बारीकसे रिव्हेट ठोकून कडी कायमची बंद करायची. काही चिलखतांत अशा कड्यांच्या ओळीआड अखंड, सांधा नसलेल्या कड्यांची ओळ असे. एका अंगरख्यास अशा हजारो कड्या लागत आणि त्याचे वजन दहा किलोंच्या आसपास, कधी त्याहून अधिक भरे. तयार होणारी वस्तू कापडासारखी अंगावर पडते, वाकते, दुमडते. तलवारीचे पाते तिच्यावर सहसा अडते. मात्र नेमका बसलेला भाला किंवा अणकुचीदार बाण कडी फोडू शकतो आणि आघाताचा मार शरीरापर्यंत पोहोचतोच. म्हणून तिच्या आत कापसाचा किंवा कापडाच्या थरांचा जाड अंगरखा घालावा लागे.

साखळीत कडी पुढच्या-मागच्या दोनच कड्यांना धरते. साखळी ही रेषा आहे. जाळीत कडी चारी बाजूंना धरते. जाळी हे पृष्ठ आहे. ज्यांनी या वस्तूला 'मेल' म्हटले त्यांनी पृष्ठ पाहिले होते. विशेष म्हणजे फ्रेंच शब्द येण्यापूर्वीच्या इंग्रजीतही हीच प्रतिमा स्वतंत्रपणे आढळते. 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी महाकाव्यात चिलखताला जे समास योजले आहेत, त्यांत 'छातीचे जाळे', 'सैन्याचे जाळे', 'कड्यांचे जाळे' अशा अर्थाचे समास आहेत. कवीच्या मनात लोहार हा जणू जाळे शिवणारा कारागीर आहे. लॅटिनच्या वंशजांनी आणि जर्मानिक भाषकांनी वेगवेगळ्या वाटांनी एकाच वस्तूत जाळे पाहावे, यापेक्षा त्या वस्तूच्या स्वरूपाविषयी मोठा भाषिक पुरावा कोणता हवा?

चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'च्या प्रास्ताविकातील सरदार वाचकांना आठवत असेल. तो मोहिमेवरून थेट यात्रेला आला आहे आणि त्याचा जाड्याभरड्या कापडाचा अंगरखा चिलखतामुळे डागाळलेला आहे. चॉसर तेथे 'मेल' हा शब्द वापरत नाही; 'हॉबर्जन' म्हणजे कड्यांचे आखूड चिलखत, असे म्हणतो. पण ज्या वस्तूच्या नावाच्या मुळाशी 'डाग' हा अर्थ आहे, तिने अंगरख्याला डाग पाडावेत, हा योगायोग व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला सुखावणारा आहे.

चिलखतांची नावे वस्तूला धरून राहतात असे मात्र नाही. रोमन विद्वान व्हारो याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लॅटिन भाषेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात 'लोरिका' या चिलखतवाचक शब्दाची हकीकत आहे. कच्च्या चामड्याच्या वाद्यांपासून उरस्त्राण करीत, म्हणून वादीच्या नावावरून ते 'लोरिका' झाले. पुढे गॉल लोकांचा लोखंडी कड्यांचा अंगरखा आला, त्यालाही तेच नाव मिळाले, असे तो सांगतो. व्हारोची ही साक्ष दुहेरी मोलाची आहे. कड्यांचे चिलखत गॉलांकडून, म्हणजे केल्टिक लोकांकडून रोमनांकडे आले, हे त्यातून कळते. रुमानियातील चुमेश्ती येथे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील केल्टिक दफनात अशा चिलखताचे अवशेष मिळाले असल्याने त्याला पुष्टीही मिळते. आणि वस्तू बदलली तरी नाव जुनेच राहू शकते, ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीच एका भाषाभ्यासकाच्या ध्यानात आली होती, हेही त्यातून दिसते.

इंग्रजीत अशी उदाहरणे हवी तितकी आहेत. 'हॉबर्क' हा शब्द मुळात मान राखणारे या अर्थाचा. पण त्याने निर्देश होऊ लागला तो गुडघ्यापर्यंत पोहोचणाऱ्या पूर्ण अंगरख्याचा. 'क्विरास' म्हणजे छाती-पाठीचे पोलादी कवच. शब्दाच्या मुळाशी मात्र चामडे आहे. जर्मनमधील 'पांझर' हा शब्द पोटासाठीच्या लॅटिन शब्दापासून निघाला. तो आधी पोटाच्या संरक्षणाचे कवच झाला आणि विसाव्या शतकात रणगाडा झाला. चिलखतांच्या नावांवरून त्यांच्या घडणीचे अनुमान करू पाहणाऱ्याने किती सावध असावे, हे या तीन शब्दांवरूनच कळावे.

'मेल' हा शब्दही असाच सैल होत गेला. चौदाव्या शतकात कड्यांच्या अंगरख्यावर पोलादी पत्र्याचे तुकडे चढू लागले. पंधराव्या शतकात सरदार आपादमस्तक पत्र्याच्या चिलखतात दिसू लागला आणि कड्यांची जाळी काख, मान, जांघ अशा सांध्यांपुरती उरली. वस्तू मागे सरली तसा शब्दाचा अर्थ पसरट झाला. 'मेल' म्हणजे कोणतेही चिलखत, असा वापर वाढला. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलात गल्याथाच्या अंगावर 'कोट ऑफ मेल' आहे. मूळ हिब्रूत तेथे खवल्यांचे चिलखत आहे. माशाच्या खवल्यांना जो शब्द, तोच तेथे वापरला आहे. १५६० च्या जिनीव्हा बायबलात त्याच ठिकाणी 'ब्रिगंडीन' हा निराळाच शब्द होता. भाषांतरकारांना प्राचीन वस्तू दाखवायची नव्हती. आपल्या वाचकाला ओळखीचे, भारदस्त वाटेल असे काही द्यायचे होते. शेक्सपिअरच्या 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा'मध्ये युलिसिस विस्मृतीत गेलेल्या पराक्रमाची तुलना स्मारकावर टांगलेल्या गंजक्या 'मेल'शी करतो. सतराव्या शतकाच्या आरंभी हा शब्द रणांगणातून निघून थडग्यांपर्यंत आणि अलंकारांपर्यंत येऊन पोहोचला होता, हे त्या उपमेतूनच कळते.

या पार्श्वभूमीवर फ्रान्सिस ग्रोस हा गृहस्थ समोर येतो. लष्करातील माजी कप्तान, चित्रकार, जुन्या वास्तूंचा शौकीन आणि शब्दांचा संग्राहक असे त्याचे बहुरंगी व्यक्तिमत्त्व होते. १७८५ मध्ये त्याने इंग्रजीतील गावंढळ आणि चावट बोलीचा कोश काढला. रॉबर्ट बर्न्सची प्रसिद्ध कथाकविता 'टॅम ओ'शँटर' १७९१ मध्ये ग्रोसच्याच स्कॉटलंडमधील प्राचीन वास्तूंवरील ग्रंथात समाविष्ट झाली होती. याच ग्रोसने १७८६ मध्ये प्राचीन चिलखते व शस्त्रे यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. 'चेन मेल' आणि 'प्लेट मेल' हे दोन्ही शब्द या ग्रंथात आढळतात.

ग्रोसची अडचण समजून घेतली पाहिजे. त्याच्या काळापर्यंत 'मेल' म्हणजे चिलखत, एवढाच मोघम अर्थ उरला होता. मग कड्यांचे चिलखत आणि पत्र्याचे चिलखत वेगळे कसे दाखवायचे? एकाला 'चेन' जोडायचे, दुसऱ्याला 'प्लेट'. वर्गीकरणाच्या सोयीसाठी हे ठीक दिसते. परंतु 'मेल'चा मूळ अर्थ जाळीचे घर असा असल्याने पहिल्या शब्दात पुनरुक्ती झाली, तर दुसऱ्यात वदतोव्याघात. 'प्लेट मेल' म्हणजे पत्र्याची जाळी! पुनरुक्ती आपल्यालाही परकी नाही. 'अद्रि' म्हणजेच पर्वत, तरी आपण 'सह्याद्री पर्वत' म्हणतो; पोर्तुगीज 'पाव' म्हणजेच रोटी, तरी 'पावरोटी' म्हणतो. मूळ शब्दाचा अर्थ लोकांच्या जाणिवेतून पुसला गेला की भाषा त्याला असा टेकू देते. सह्याद्रीच्या बाबतीत या टेकूने काही बिघडत नाही, कारण पर्वत समोर उभा आहे. 'मेल'च्या बाबतीत वस्तू समोर उरली नव्हती आणि बिघडले ते तेथेच.

ग्रोसचा शब्द विद्वानांच्या कपाटातून सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेण्याचे श्रेय वॉल्टर स्कॉटला द्यावे लागते. १८२२ च्या 'द फॉर्च्युन्स ऑफ नायजेल' या कादंबरीत 'चेन मेल' हा शब्द आला. 'आयव्हान्हो' त्याच्या थोडीच आधी प्रसिद्ध झाली होती आणि मध्ययुगाविषयीच्या कुतूहलाने इंग्लंडमधील वाचकवर्ग भारावलेला होता. स्कॉटच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या पिढ्यांनी मध्ययुग त्याच्या शब्दांतून पाहिले. कादंबरीकाराने वापरलेला शब्द शब्दकोशापेक्षा खोल रुजतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.

त्याच सुमारास सॅम्युअल रश मेरिक हा अभ्यासक पुढे आला. १८२४ मध्ये प्राचीन चिलखतांची चिकित्सा करणारा त्याचा त्रिखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. चिलखतांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया इंग्रजीत त्याने घातला, यात शंका नाही. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रसंग्रहाची कालानुक्रमे फेरमांडणी त्याने केली आणि १८३२ मध्ये त्याला 'सर' हा किताब मिळाला. अशा थोर अभ्यासकाकडून 'मेल'चा जो पसारा मांडला गेला, तो म्हणूनच अधिक उद्बोधक आहे.

मेरिकपुढे प्रत्यक्ष जुनी चिलखते फार थोडी होती. लोखंडी कड्या गंजतात, तुटतात, भंगारात जातात. म्हणून त्याने चित्रे, हस्तलिखिते, थडग्यांवरील दगडी मूर्ती आणि बेयो येथील प्रसिद्ध भरतकामाचा पट यांचा आधार घेतला. नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले त्याची कथा सांगणारा हा सुमारे ७० मीटर लांबीचा पट अकराव्या शतकातला. तागाच्या कापडावर लोकरीच्या धाग्याने भरतकाम करणाऱ्या हातांना हजारो बारीक कड्या दाखवणे अशक्यच होते. त्यांनी कोठे वर्तुळे काढली, कोठे तिरप्या रेषांची चौकटनक्षी. दगडी मूर्ती घडवणाऱ्यांनीही कोठे अर्धचंद्राकृती ओळी कोरल्या, तर कोठे पृष्ठभाग गुळगुळीत ठेवून कड्या लेपाने वा रंगाने दाखवल्या. कालांतराने तो लेप गळून गेला.

मेरिकने या प्रत्येक चित्रणपद्धतीत चिलखताचा एक स्वतंत्र प्रकार पाहिला. वर्तुळे दिसली तेथे कापडावर शेजारी-शेजारी शिवलेल्या कड्यांचे 'रिंग्ड मेल'. चौकटनक्षी दिसली तेथे चामड्याच्या पट्ट्यांची जाळी आणि मध्ये खिळे, म्हणून 'ट्रेलिस्ड मेल'. शंकरपाळ्याच्या आकाराची घरे दिसली तेथे 'मॅसकल्ड मेल'. कौलांसारखी मांडणी दिसली तेथे 'टेग्युलेटेड मेल'. पुढे ओळींमध्ये आडवे पट्टे दिसणाऱ्या चित्रणांवरून 'बँडेड मेल' हा प्रकारही रूढ झाला आणि त्यात कड्यांमधून चामड्याच्या पट्ट्या ओवल्या असतील काय, यावर बरीच चर्चा झाली. अशी नावांची यादी वाढत गेली आणि एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांनी ती एकमेकांकडून उचलली.

या यादीची बीजे 'चेन मेल' या शब्दात होती, असे आम्हांस वाटते. विशेषण लावले की ते दुसऱ्या विशेषणाला जागा करून देते. एक 'मेल' साखळीचे आहे असे म्हटले की दुसरे कशाचे, हा प्रश्न ओघाने येतो. ज्या शब्दाचा अर्थच 'कड्यांची जाळी' आहे, त्याला 'चेन' लावताच तो अर्थ रिकामा झाला आणि त्या रिकाम्या जागेत हवे ते भरता आले. 'मेल'ची खरी व्युत्पत्ती ध्यानात ठेवणारा अभ्यासक बेयोच्या पटावरील वर्तुळे आणि चौकटी पाहून म्हणाला असता की ही दोन्ही जाळीचीच चित्रे आहेत; भरतकाम करणाऱ्याने जाळी दाखवण्याच्या दोन युक्त्या योजल्या आहेत.

मेरिकची थट्टा करण्याचा येथे हेतू नाही. चित्र म्हणजे वस्तूची नक्कल, या विश्वासाने तो वाचत होता. चित्रणाचेही संकेत असतात, चित्रालाही एक भाषा असते, हे भान कलेतिहासात रुजायला वेळ लागला. काव्यातील अतिशयोक्ती शब्दशः घेऊन राजाच्या सैन्याची मोजदाद करणारा इतिहासकार जे करतो, तेच येथे घडले. विसाव्या शतकात वस्तूंचा अभ्यास वाढला, उत्खननातील अवशेष तपासले गेले, तेव्हा मेरिकच्या बहुतेक प्रकारांना आधार मिळेना. खवल्यांचे चिलखत खरे होते, पण ते 'मेल' नव्हते. क्लॉड ब्लेअर यांचा युरोपीय चिलखतांवरील ग्रंथ १९५८ मध्ये आला. त्यानंतर अभ्यासकांच्या लेखनात नुसते 'मेल' म्हणण्याची शिस्त अधिकाधिक रुजली.

तरीही विद्वानांनी काढून टाकलेला शब्द लोकव्यवहारातून जात नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांच्या पटावरील खेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांचे नावच 'चेनमेल'. त्यातूनच १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ उभा राहिला. त्याच्या १९७८ च्या नियमपुस्तकात 'रिंग मेल', 'स्केल मेल', 'स्प्लिंट मेल', 'बँडेड मेल', 'प्लेट मेल' अशी चिलखतांची चढती श्रेणी आहे. पुढे संगणकीय खेळांनी तिचे अनुकरण केले. ज्या मुलांनी मेरिकचे नाव कधी ऐकले नाही, ती त्याने आणि त्याच्या अनुयायांनी कल्पिलेली चिलखते पडद्यावर अंगावर चढवतात. काही शब्दांना पुनर्जन्म असा मिळतो.

आता याच वस्तूकडे पूर्वेकडून पाहू. फारसीत कड्यांच्या चिलखताला 'जिरह' हा स्वतंत्र शब्द आहे. पत्र्यांच्या चिलखताला 'बक्तर', छाती-पाठ-कुशींवरील चार पोलादी तावदानांना 'चार-आईना' म्हणजे चार आरसे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तील शस्त्रागाराच्या यादीत अशी नावे वेगवेगळी नोंदली आहेत. वस्तू वापरात होती, कारागीर जिवंत होता, तोवर 'जिरह'ला विशेषणाची गरज भासली नाही. इराण, तुर्कस्तान आणि हिंदुस्थान येथे कड्यांच्या जाळीत पत्र्याचे तुकडे गुंफलेले मिश्र चिलखतही होते. इंग्लंडमधील लीड्स येथील शस्त्रसंग्रहालयात हत्तीचे एक मोगलकालीन चिलखत आहे. मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह याच्या पत्नीने ते १८०१ मध्ये तिकडे नेले. त्यात आज ५,८४० पत्रे कड्यांनी जोडलेले असून त्याचे वजन ११८ किलो भरते. 'प्लेट मेल' हा शब्द शब्दशः कोठे लागू पडत असेल तर अशा वस्तूला. परंतु इंग्रजीने तो नेमका दिला तो ज्यात जाळी सांध्यांपुरतीच उरली होती अशा युरोपीय चिलखताला! आजचे अभ्यासक या मिश्र प्रकाराला 'मेल अँड प्लेट' म्हणतात, ते या गोंधळातून वाट काढण्यासाठीच.

मराठीने 'जिरह' आणि 'बक्तर' हे दोन्ही शब्द स्वीकारले. दुसरा 'बख्तर' आणि 'बख्तरबंद' या रूपांत सरळ दिसतो. पहिला मात्र वेष पालटून बसला आहे, तो 'जिरेटोप' या शब्दात. 'जिरह' आणि 'टोप' मिळून झालेल्या या समासातले 'जिरे' म्हणजे फोडणीतले जिरे नव्हे. कड्यांची ती लोखंडी जाळी, जी टोपाखालून मानेवर आणि खांद्यावर उतरत असे. आज 'जिरेटोप' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते शिवछत्रपतींच्या रूढ चित्रांतील भरजरी, मोत्यांच्या तुऱ्याचे शिरोभूषण. जाळी गेली, लोखंडही गेले. नाव उरले आणि त्याला नवे रूप मिळाले. 'लोरिका'च्या बाबतीत व्हारोने जे टिपले, तेच मराठीतही घडले आहे.

यातून मराठीत लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. इंग्रजी साहित्य शिकवताना, भाषांतर करताना 'चेन मेल'साठी 'साखळीचे चिलखत' असे आपण सहज लिहून जातो. तसे लिहिताना आपण मध्ययुगीन वस्तूचे भाषांतर करीत नाही. १७८६ मधील एका हौशी संशोधकाच्या विशेषणाचे करतो. 'जाळीचे चिलखत' किंवा 'कड्यांचे चिलखत' म्हटले तर चॉसरच्या सरदाराशी आणि 'बेओवुल्फ'च्या कवीशीही आपण अधिक प्रामाणिक राहू. जेथे 'मेल' हा शब्द केवळ चिलखत या मोघम अर्थाने आला आहे, तेथे नुसते 'चिलखत' पुरे. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म १८९७ मध्ये चिलखती मुठीची भाषा बोलला, तेव्हा इंग्रजीत तिचे 'मेल्ड फिस्ट' झाले. तेथे जाळीही नाही आणि साखळीही नाही, फक्त दरारा आहे. त्या ठिकाणी जाळी आणणे ही नको तितकी काटेकोर निष्ठा ठरेल.

म्हणजे प्रश्न एका चिलखतापुरता नाही. शब्द ही इतिहासाची साक्ष आहे, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो आणि ते खरेही आहे. पण कोणत्याही साक्षीदाराला आपण जे विचारतो ते शब्दालाही विचारले पाहिजे : घटना घडली तेव्हा तू तेथे होतास काय? 'मेल' होता. त्याने जाळे पाहिले होते आणि सातशे वर्षांनंतरही तो तेच सांगतो आहे. 'चेन मेल' तेथे नव्हता. तो मागाहून आला, ऐकीव माहितीवर बोलला, आणि अधिक स्पष्ट बोलत असल्यामुळे त्याच्यावर विश्वास बसला. सोपा, स्वतःचा अर्थ स्वतःच सांगणारा शब्द समोर आला की थोडे थांबून त्याची जन्मतारीख पाहावी, एवढी सवय वर्गातून लागली तरी व्युत्पत्तीचा अभ्यास केवळ छंद राहणार नाही.